घरच्या झाडांसाठी एलईडी दिवा: कोणते रंग घ्यायचे आणि किती

पुण्यातल्या आमच्या घराची ड्राय बाल्कनी उत्तरेला आहे आणि समोर लगेच दुसरी इमारत. आषाढ-श्रावणात तिथे भर दुपारीसुद्धा दिवा लावावा लागतो. त्या जागेत मेथी, कोथिंबीर, पुदिना लावायचा म्हणून मी एलईडीचा दिवा करायला घेतला. सगळीकडे एकच सल्ला मिळाला: हरितद्रव्य फक्त लाल आणि निळा प्रकाश शोषतं, तेव्हा चार लालांना एक निळा घ्या, बाकी रंग म्हणजे विजेची नासाडी. मी तसंच केलं. जांभळा उजेड पडला आणि मेथी उगवलीही.

तीन आठवड्यांनी आई भाजी खुडायला गेली आणि तिने हाक मारली, ‘‘अरे, ही मेथी काळी का दिसतेय? पिवळी पडलीय का चांगली आहे, काहीच कळत नाही.’’ मी जांभळा दिवा बंद करून मोबाइलचा टॉर्च लावला. खालची पानं पिवळी होती आणि पानांच्या मागे, शिरांच्या कडेने हिरवा मावा, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड, दाटून बसला होता. जांभळ्या उजेडात हिरवं पान काळं दिसतं आणि हिरवा मावाही काळाच. तो किमान आठवडाभर माझ्या डोळ्यांसमोर होता आणि मला दिसला नव्हता.

म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी पहिल्याच परिच्छेदात सांगायच्या ऐवजी इथे, ही गोष्ट सांगून झाल्यावर सांगतो: मुख्य उजेड पांढराच ठेवा आणि त्याला ६६० नॅनोमीटरच्या लालाची जोड द्या. हे असं का, आणि प्रत्यक्षात कसं करायचं, ते पुढे आहे.

आधी आकडे ओळखीचे करून घ्या

प्रकाशाचा रंग तरंगलांबीने सांगतात आणि तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये मोजतात. वनस्पती ज्या प्रकाशावर अन्न तयार करतात तो ढोबळमानाने ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला. एलईडीच्या दुकानात तुम्हाला यातले मोजकेच आकडे भेटतील.

४५० च्या आसपासचा गडद निळा, ज्याला दुकानदार रॉयल ब्लू म्हणतात. ४६५ ते ४७० चा साधा निळा, जो शोभेच्या माळांमध्ये असतो. ५२० चा हिरवा. ६२० ते ६३० चा साधा लाल, म्हणजे गाड्यांच्या मागच्या दिव्यात दिसतो तसा. ६६० चा डीप रेड. आणि ७३० चा फार रेड, जो डोळ्यांना जेमतेम विझत्या निखाऱ्यासारखा दिसतो. याशिवाय पांढरे एलईडी, ज्यांवर नॅनोमीटर नसतात, केल्विन असतात: ३००० म्हणजे पिवळसर, ४००० मधला, ६५०० म्हणजे आपल्या ट्यूबलाइटचा पांढरा.

पांढऱ्या एलईडीबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. त्याच्या आत निळीच चिप असते, साधारण ४५० ची. तिच्यावर पिवळसर लेप असतो. निळ्यातला काही भाग लेप शोषतो आणि त्याचा हिरवा, पिवळा, लाल करून बाहेर टाकतो. उरलेला निळा तसाच बाहेर येतो. म्हणजे पांढरा एलईडी घेतला की निळा आपोआपच मिळतो. ६५०० केल्विनच्या दिव्यात सगळ्या प्रकाशकणांपैकी साधारण पाव हिस्सा निळा असतो, ३००० केल्विनमध्ये एक दशांशाच्या आसपास. त्यामुळे वेगळे निळे एलईडी विकत घ्यायची गरज घरच्या दिव्याला बहुतेक वेळा पडतच नाही.

हिरवा प्रकाश वाया जातो, हे खरं नाही

हरितद्रव्याचा तो प्रसिद्ध आलेख, ज्यात निळ्यात एक शिखर आणि लालात दुसरं आणि मध्ये दरी, तो काढतात द्रावणातल्या हरितद्रव्यावरून. पानातून हरितद्रव्य वेगळं काढायचं, ते विरघळवायचं आणि त्यातून प्रकाश सोडायचा. जिवंत पान मात्र परीक्षानळी नव्हे. पानात पेशींचे थर असतात, मध्ये हवेच्या पोकळ्या असतात, प्रकाश आत शिरला की इकडून तिकडे आपटत राहतो. हिरवा कण पहिल्या हरितद्रव्याने सोडला तर दहावं त्याला पकडतं.

१९७२ मध्ये कीथ मॅक्री या शास्त्रज्ञाने २२ पिकांच्या खऱ्याखुऱ्या पानांवर एकेका रंगाचा प्रकाश टाकून मोजमाप केलं. लालात कार्यक्षमता सगळ्यात जास्त, निळ्यात बरीच, आणि हिरव्यात थोडी कमी, पण दरी म्हणावी अशी कुठेच नाही. उलट हिरवा प्रकाश पानात खोलवर जातो आणि वरच्या पानांतून गाळून खालच्या पानांपर्यंतही पोहोचतो. दाट पेरलेल्या मेथीत याचा फायदा दिसतो.

अंतराळातही हाच विचार झाला. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात २०१४ मध्ये ‘व्हेजी’ नावाचा छोटा बागेचा संच बसवला, तेव्हा त्यात लाल आणि निळ्याबरोबर हिरवे एलईडीही ठेवले, जेणेकरून झाडं झाडांसारखी दिसतील. २०१५ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या अंतराळवीरांनी त्यातलं लाल लेट्यूस खाल्लं. तिथे विजेचा एकेक वॅट मोजून वापरतात, तरी हिरव्याला जागा दिली. आपल्याला तर रोज सकाळी पान उलटून मावा बघायचा असतो.

मग लाल कशाला, आणि ६६० च का

कारण हिशेब. झाडाला वॅट कळत नाहीत, त्याला प्रकाशाचे कण लागतात. निळ्या कणात ऊर्जा जास्त भरलेली असते, लालात कमी. पण पान दोघांकडून काम जवळपास सारखंच करून घेतं आणि निळ्यातली जास्तीची ऊर्जा उष्णता होऊन जाते. एक वॅट प्रकाश ६६० चा असेल तर त्यात सेकंदाला साधारण साडेपाच मायक्रोमोल कण असतात (मायक्रोमोल म्हणजे कण मोजायचं एकक, डझनासारखं, फक्त प्रचंड मोठं). तोच वॅट ४५० चा असेल तर पावणेचार. म्हणजे तेवढ्याच प्रकाशऊर्जेत लाल जवळपास दीडपट कण देतो.

आता ६३० का नको? तोही चालतो, पान त्यालाही नाही म्हणत नाही. पण ६६० मध्ये दर वॅटला कण थोडे जास्त, बाजारातले चांगले ६६० चे एलईडी विजेचा प्रकाशही जास्त करतात, आणि तिसरं कारण मला सगळ्यात आवडतं. झाडात फायटोक्रोम नावाचं एक रंगद्रव्य असतं, ज्याला खटक्यासारख्या दोन अवस्था असतात. ६६० च्या आसपासचा लाल तो खटका एका बाजूला पाडतो, ७३० चा फार रेड परत दुसऱ्या बाजूला. १९५२ मध्ये अमेरिकेतल्या बेल्ट्सव्हिलच्या शेती संशोधन केंद्रात लेट्यूसच्या बियांवर हा प्रयोग झाला. लाल उजेड क्षणभर दाखवला की बी रुजायचं, त्यावर फार रेड दाखवला की थांबायचं, परत लाल दाखवला की परत रुजायचं. कितीही वेळा आलटून पालटून दाखवा, शेवटचा रंग कुठला होता त्यावर बी ठरवायचं.

झाडाला याचा उपयोग सावली ओळखायला होतो. वर दुसऱ्या झाडाची पानं असतील तर ती लाल खाऊन टाकतात, पण फार रेड खाली सोडतात. खालच्या रोपाला लाल कमी आणि फार रेड जास्त मिळाला की ते समजतं, आपल्यावर कोणीतरी आहे, उंच व्हायला हवं. मग दोन पेरांतलं अंतर वाढतं, देठ लांबतो. भरपूर ६६० दिला की झाड निवांत राहतं आणि बुटकं, भरीव होतं.

निळ्याचं काम वेगळं. तो पानांची रंध्रं उघडतो, देठ आखूड ठेवतो, पान जाड करतो. निव्वळ लाल उजेडात वाढवलेली रोपं लांबुळकी आणि नाजूक होतात. त्यात १० ते २० टक्के निळा मिसळला की सुधारतात. पण निळा फार वाढवला तर झाड खुरटतं आणि पाला कमी भरतो. पालेभाजी पिकवणाऱ्याला पाला हवा असतो, म्हणून निळा पाव हिस्स्याच्या पुढे न्यायचं कारण नाही.

७३० पहिल्या दिव्यात घालू नका. त्याचे उपयोग आहेत, इतर रंगांबरोबर दिला तर तो प्रकाशसंश्लेषणालाही हातभार लावतो, पण प्रमाण चुकलं की रोपं ताडासारखी वाढतात. अतिनील अजिबात नको. ३६५ किंवा ३९५ चे जांभळट एलईडी स्वस्तात मिळतात आणि वाढीच्या दिव्यांत मिरवलेही जातात, पण घरात डोळ्यांना त्यांचा धोका आहे आणि मेथीला त्यांची गरज नाही.

आपल्या फळीचा हिशेब

माझी फळी चार फूट लांब, एक फूट रुंद. मीटरमध्ये १.२ गुणिले ०.३, म्हणजे ०.३६ चौरस मीटर. तुमची फळी वेगळी असेल तर आकडे बदला, पद्धत हीच ठेवा.

पानावर दर सेकंदाला, दर चौरस मीटरला किती मायक्रोमोल कण पडतात ते मोजायचं असतं. भर उन्हाळ्यात दुपारी मोकळ्यावर हा आकडा २००० च्या आसपास असतो. रोपवाटिकेतल्या छोट्या रोपांना १०० ते १५० पुरतात, पालेभाज्यांना १५० ते २५०. मी २०० चं लक्ष्य ठेवलं.

पांढऱ्यासाठी मी सुटे एलईडी घेतले नाहीत. कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो तो चार फुटी, २० वॅटचा एलईडी बॅटन घेतला. त्याच्या खोक्यावर ल्यूमेन, म्हणजे डोळ्याला दिसणाऱ्या उजेडाचं माप, लिहिलेले असतात. वॅट सोडा, ते वाचा. २० वॅटला २००० ल्यूमेन असतील तर ठीक. पांढऱ्या एलईडीत साधारण ७० ल्यूमेनला एक मायक्रोमोल धरायचा. म्हणजे एक बॅटन सेकंदाला २८-२९ मायक्रोमोल देतो, तीन बॅटन ८६.

त्यात ६६० चे १२ लाल एलईडी, प्रत्येकी एक वॅटच्या जातीचे, ३०० मिलीअँपिअरवर चालवलेले. एकेकाला वीज लागते ०.६३ वॅट. साधारण प्रतीचा एलईडी त्यातला ४० टक्के भाग प्रकाश करतो असं धरलं तर एकेकाचे १.४ मायक्रोमोल, बाराचे १६-१७. एकूण झाले १०२ च्या पुढेमागे. यातला सगळा पानांवर पडत नाही, थोडा बाजूला सांडतो. ७० टक्के पोहोचतो असं धरा. ७१ भागिले ०.३६, म्हणजे १९७. लक्ष्य गाठलं.

निळा किती झाला तेही बघा. तीन बॅटनचा पाव हिस्सा म्हणजे २१ च्या आसपास, एकूण १०२ पैकी. पाचवा भाग. ६५०० केल्विनच्या बॅटनमध्ये निळा भरपूर आणि लाल तोकडा असतो; त्याला ६६० ची जोड दिली की ताट बरोबर वाढल्यासारखं होतं. ३००० केल्विनचा पिवळसर बॅटन घेतलात तर त्यात लाल आधीच बरा असतो, तिथे ६६० नसले तरी काम भागतं, पण मग निळा कमी पडतो की काय ते रोपांकडे बघून ठरवायचं. हाताशी ६५०० चेच बॅटन असतात म्हणून मी तो मार्ग सांगतोय.

वीज: बॅटनचे ६० वॅट आणि लालांचे नऊएक, ड्रायव्हरसकट (म्हणजे मेनची वीज एलईडीला झेपेल अशी करून देणारी डबी). १४ तास चालवले तर दिवसाला एक युनिटला थोडं कमी, महिन्याला २९ च्या आसपास. युनिटचे ८ ते १० रुपये धरले तर अडीचशे-पावणेतीनशे रुपये. पालेभाजीच्या भावात हे बसवायला जाऊ नका. ताजी, औषध न मारलेली कोथिंबीर हाताशी असणं हा यातला खरा लाभ आहे.

खरेदी

पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि लोहार चाळ इथे हे सामान मिळतं. गावाकडे असाल तर ऑनलाइन मागवा. यादी छोटी आहे: तीन बॅटन, अ‍ॅल्युमिनियमच्या षटकोनी पट्टीवर आधीच बसवलेले ६६० चे १२ एलईडी, ज्यांना स्टार म्हणतात, चार फूट अ‍ॅल्युमिनियमचं सी चॅनेल, खिडक्यांच्या सेक्शनच्या दुकानातून, उष्णता चॅनेलकडे वाहून नेणारी हीटसिंकची पेस्ट, एक ड्रायव्हर, टायमर, वायर.

मला पहिल्या वेळी ‘लालच आहेत ना, सगळे सारखेच’ असं सांगून ६३० चे दिले होते. ओळखायचे कसे? शेजारी शेजारी पेटवून. आपला डोळा ६६० ला फार कमी दाद देतो. तेवढ्याच प्रकाशऊर्जेचा ६३० चा दिवा त्याच्या चौपट झगझगीत भासतो. त्यामुळे खरा ६६० गडद, माणकासारखा आणि मंद दिसतो, ६३० नारिंगीकडे झुकलेला आणि भडक. मंद दिसला म्हणून परत करू नका, तोच हवा आहे.

‘फुल स्पेक्ट्रम’ म्हणून गुलाबी उजेड देणारे एलईडी मिळतात, खोक्यावर ३८० ते ८४० लिहिलेलं असतं. आत निळीच चिप आणि वर लाल लेप. वाईट नसतात, पण ६६० च्या जागी ते घेऊ नका. मल्टिमीटरने लगेच ओळखता येतात: चालू असताना खऱ्या लाल एलईडीवर २ व्होल्टच्या आसपास दिसतात, गुलाबीवर ३ किंवा जास्त, कारण आत निळी चिप आहे.

आणि याच व्होल्टेजमुळे ड्रायव्हरची फसगत होते. दुकानात ‘८ ते १२ वॅट’ लिहिलेला ड्रायव्हर मिळतो, ३०० मिलीअँपिअरचा. तो पांढऱ्या एलईडींचा विचार करून केलेला असतो. ८ पांढरे म्हणजे सुमारे २४ व्होल्ट, १२ म्हणजे जास्तीत जास्त ४२. मी त्याला ८ लाल जोडले. ८ गुणिले २.१ म्हणजे १७ व्होल्टच. ड्रायव्हरची खालची मर्यादा २४. दिवे सतत लुकलुकत राहिले आणि मी दोन संध्याकाळी प्रत्येक जोड पुन्हा पुन्हा सोल्डर करत बसलो. जोड सगळे व्यवस्थित होते. १२ लाल एका रांगेत जोडले की २५ व्होल्ट होतात आणि ड्रायव्हर शांत चालतो. वर हिशेबात १२ लाल घेतले ते यासाठीच. ड्रायव्हर घेताना वॅट बघू नका, त्याच्यावर छापलेले आउटपुट व्होल्ट आणि मिलीअँपिअर वाचा.

जोडणी

१. चॅनेलवर दर १० सेंटिमीटरला खूण करा, दोन्ही टोकांना ५-५ सेंटिमीटर सोडून. बरोबर १२ खुणा होतील.

२. प्रत्येक स्टारच्या पाठीला पेस्टचा पातळ थर लावा. जाड लावली की उष्णता अडते. छोट्या स्क्रूने घट्ट बसवा. लाल एलईडी तापला की निळ्यापेक्षा लवकर मंदावतो, म्हणून या पायरीत घाई नको.

३. पहिल्याचा वजा दुसऱ्याच्या अधिकला, दुसऱ्याचा वजा तिसऱ्याच्या अधिकला, असे बाराही जोडा. अधिक-वजा स्टारवर छापलेले असतात. स्टार मोठा असल्याने सोल्डरची उष्णता शोषून घेतो, त्यामुळे बसवण्याआधीच त्याच्या पट्ट्यांवर सोल्डरचा थेंब घालून ठेवला तर सोपं जातं.

४. वीज देण्याआधी मल्टिमीटरने प्रत्येक जोड आणि चॅनेल यांच्यात जोडणी नाही ना, ते तपासा. एका ठिकाणी जरी वाजला तरी तो स्टार काढून पुन्हा बसवा.

५. ड्रायव्हर प्लास्टिकच्या बंद डबीत ठेवा. आधी एलईडी जोडायचे, मग मेनचा खटका दाबायचा. चालू ड्रायव्हरला एलईडी जोडला तर तो जळू शकतो.

६. तासभर चालवून मेन बंद करा, प्लग काढा आणि चॅनेलला बोट लावा. बोट आरामात टेकवता आलं पाहिजे.

पाचव्या पायरीबद्दल गांभीर्याने सांगतो. स्वस्त ड्रायव्हरमध्ये आउटपुटची बाजू मेनपासून वेगळी केलेली असेलच याची खात्री नसते. २५ व्होल्टच तर आहेत म्हणून ओल्या हाताने उघड्या जोडाला हात लावला तर झटका मेनचा बसू शकतो. चॅनेलला अर्थिंग द्या. उघडे जोड हीटश्रिंक नळीने किंवा सिलिकॉनने झाका. घरात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा खटका, नसेल तर कुंड्यांजवळ दिवा लावण्याआधी वायरमनकडून बसवून घ्या. वायर सॉकेटकडे वर जाण्याआधी खाली एक झोल सोडा, म्हणजे पाणी ओघळलं तर तिथून टपकेल, सॉकेटमध्ये शिरणार नाही. बॅटन मात्र उघडू नका, ते जसे येतात तसेच वापरा.

बॅटन आणि लाल पट्टी एका लाकडी चौकटीला शेजारी शेजारी बांधा, लाल पट्टी मधल्या बॅटनला लागून. लेन्स लावू नका. एवढ्या जवळून उजेड पसरलेलाच हवा. फळीच्या मागे आणि दोन्ही बाजूंना पांढरा थर्माकोल किंवा जुन्या फ्लेक्सची पांढरी बाजू उभी करा. जो उजेड बाजूला सांडत होता तो परत पानांवर येतो, आणि मी तर म्हणेन की सगळ्या खर्चात हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोठा फरक आहे.

टांगणं, मोजणं, वेळ

दिवा पानांच्या वर २० ते २५ सेंटिमीटर. साखळीला टांगा, म्हणजे झाडं वाढतील तसा वर घेता येतो.

मोजायला मोबाइलचं लक्स अ‍ॅप ढोबळ अंदाजापुरतं चालतं, पण लाल बंद करून मोजा. लक्स हे डोळ्याचं माप आहे. पांढऱ्या एलईडीत एका मायक्रोमोलला ७० लक्स दिसतात, ६६० च्या लालात साडेसातच. लाल चालू ठेवून मोजलं तर तो जवळजवळ अदृश्यच राहतो. पांढऱ्याचे लक्स भागिले ७० करा आणि लालाचा वाटा हिशेबाने वर घाला. पानांच्या उंचीवर ११-१२ हजार लक्स दिसले तर पांढऱ्याचं काम ठीक चाललंय.

१४ तास उजेड दिला तर २०० च्या हिशेबाने दिवसाला १० मोल प्रकाश होतो (एक मोल म्हणजे दहा लाख मायक्रोमोल). मेथी, पुदिना, लाल माठ खुश असतात. लेट्यूसला १२ ते १७ लागतात, तिथे चौथा बॅटन लावा. कोथिंबिरीला मात्र तास वाढवू नका. ती लांब दिवसाची वनस्पती आहे; १६ तास उजेड दिलात तर पानं भरायच्या आधी दांडा काढून फुलावर येते. तिला मी १२ तास देतो. अंधारही लागतो. टोमॅटोला २४ तास उजेड दिला तर पानं पिवळी पडतात.

टोमॅटो-मिरचीची रोपं या दिव्याखाली छान तयार होतात, पण फळं धरायला टोमॅटोला दिवसाला २० ते ३० मोल लागतात. तेवढा उजेड द्यायचा तर विजेचं बिल तिप्पट. रोपं इथे करा आणि मग गच्चीत हलवा.

शेवंतीवाल्यांनी आणखी एक सांभाळावं. शेवंती लहान दिवसाची, तिला कळी धरायला लांब अखंड रात्र लागते. शेतकरी फुलं लांबवायची असतील तेव्हा रात्री मुद्दाम शेतात दिवे लावतात. त्या दिव्यांतल्या लाल प्रकाशाने फायटोक्रोमचा खटका पडतो आणि झाडाला वाटतं, दिवस अजून मोठाच आहे. तुमच्या ६६० च्या दिव्याशेजारी शेवंतीची कुंडी असेल तर ती फुलणारच नाही. कुंडी दुसऱ्या खोलीत न्या.

परदेशातले मराठी लोक हिवाळ्यात तुळस जगत नाही म्हणून हळहळतात. लंडनला डिसेंबरात दिवस आठ तासांचाही नसतो. तुळशीला तिथे दोन बॅटन, वर सांगितलेली लाल पट्टी आणि १४ तास पुरतात, पण खिडकीच्या गार काचेपासून ती लांब ठेवा. उजेडाइतकीच ऊबही तिला हवी असते.

रोपांकडे बघून दुरुस्ती

देठ लांब, पानं दूर दूर आणि रोप एका बाजूला लवलेलं असेल तर उजेड कमी पडतोय. दिवा खाली घ्या, रंग बदलायला धावू नका. उजेड पुरेसा मोजूनही रोप लांबट राहिलं तर निळा वाढवा, म्हणजे एक बॅटन वाढवा. शेंड्याची पानं फिकट, पांढरट होऊन वर वळायला लागली तर दिवा फार जवळ आहे. झाड बुटकं, पानं गडद आणि लहान, वाढ थांबल्यासारखी, तर निळा जास्त झालाय. खालची पानं पिवळी आणि वरची चांगली असतील तर प्रकाशाला दोष देण्याआधी खताचा विचार करा, माझ्या पहिल्या मेथीत मावा होताच, पण मातीत नत्रही उरलं नव्हतं.

एका वेळी एकच बदल करा आणि दहा दिवस थांबा. जुन्या पानांवर काही दिसत नाही, नवीन येणाऱ्या दोन-तीन पानांकडे लक्ष ठेवा. दर पंधरा दिवसांनी दिवा बंद करून बॅटनवरची धूळ ओलसर फडक्याने पुसा, आणि दर सहा महिन्यांनी स्टारचे स्क्रू एकदा पिळून घ्या. तापून-निवून ते सैल होतात आणि पहिला लाल तिथेच जातो.